आगोटीचे दिवस

रोहिणी नक्षत्र लागून आठवडा होत आला असताना, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा माडांच्या झावळ्यांत दिवसभर खडखडू लागला असताना, कोकणातल्या घराघरांत जी एक विलक्षण धांदल सुरू होते, तिच्याविषयी आमच्या कवींनी फारसे लिहिलेले नाही. पहिल्या पावसाच्या स्तवनास त्यांची लेखणी सदैव सिद्ध असते. परंतु त्या पावसापूर्वी भर उन्हात छपरावर चढून फुटकी कौले बदलणाऱ्या माणसाच्या पाठीला बसणारे चटके काव्यविषय होण्याइतके सुकुमार नसावेत.

रत्नागिरीच्या बाजूस वर्षाकाठी १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या मुदतीत पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या धांदलीचे मर्म कळते. मुंबईच्या आगबोटी मे महिन्याच्या अखेरीस बंद होत, खाडीवरच्या तरी बेभरवशाच्या होत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घर आपल्यापुरते एक बेट होऊन राही, त्या काळी आगोट भरणे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करून ठेवणे, ही घरच्या बाईच्या कर्तबगारीची वार्षिक परीक्षाच असे. आता एस.टी. बारमाही धावते आणि दुकानात आषाढातही सर्व काही मिळते. तथापि मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत सरकारी हुकुमानेच बंद असल्यामुळे सुक्या बांगड्यांची आणि सोड्यांची तजवीज अजूनही करावी लागते, आणि ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही त्यांनीही डबे भरण्याचा परिपाठ सोडलेला नाही.

या दिवसांत माजघरात पाऊल टाकावे तो गंधांची एवढी दाटी झालेली असते की, कोणता कोठून येतो याची रुजवात घालणे कठीण. रातांब्याची साले आपल्याच रसात पुनःपुन्हा बुडवून व पुनःपुन्हा वाळवून काळसर झालेली आमसुले, मिठाचा हात लागून सुरकुतलेल्या आंबोश्या, ताटाताटांतून सोडवून घड्या घातलेली आंब्याची साटे, कुळथाचे पीठ, तांबड्या मातीत घोळून कोपऱ्यात रचलेल्या फणसाच्या आठळ्या! या सर्वांत माझा विशेष लोभ आहे तो मात्र खाण्याच्या जिनसेवर नव्हे, तर रातांब्याच्या बियांपासून निघणाऱ्या मुठेलाच्या गोळ्यावर. कारण उन्हाळाभर अनवाणी वावरून भेगाळलेल्या टाचांची त्याच्याइतकी निष्ठेने सेवा करणारे दुसरे औषध मला ठाऊक नाही.

छपराचे प्रकरण मात्र एवढे सुवासिक नसते. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि त्या चपट्या, खाचेत खाच बसणाऱ्या कौलांनी हळूहळू सारी किनारपट्टी व्यापली, त्यामुळे पूर्वीची नळीची कौले दरसाल चाळण्याचा त्रास पुष्कळच कमी झाला हे खरे. परंतु वानरांच्या टोळ्यांना मंगळुरी आणि नळीची यांतील तारतम्य नसते. छप्पर शाकारून झाले की पडवीला पश्चिमेकडून झापांचा आडोसा बांधतात, आणि त्या क्षणापासून चार महिने घरात भर दुपारीही दिवेलागणीचा अंधार राहतो.

घर असे मिटत चाललेले असताना बागेत नेमका उलट व्यवहार सुरू असतो. पोफळींना आणि माडांना पौषापासून पाणी द्यावे लागते. रहाट आणि त्याचे मातीचे लोटे गेले, पंप आला, तरी आळ्यांतून पाणी फिरवण्याची ताबेदारी चुकलेली नाही, आणि एक दिवस शिंपणे राहिले तर बागेतली यच्चयावत झाडे आपल्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहत आहेत असे वाटते. सहा महिने ही बाग घराची आश्रित असते. मृग लागला की तिला आपली गरज उरत नाही. उलट वाऱ्यापावसात मोडू घातलेल्या घरानेच माडांच्या आडोशाला उभे राहायचे असते. हा अधिकारबदल बागेला आधीच उमगलेला असावा, अशी माझी समजूत आहे. कारण आभाळातून एक थेंबही पडलेला नसताना हळदीचे कोंब मातीबाहेर येतात, अनंताला कळ्या धरतात आणि पातेऱ्यात उड्या मारीत नवरंग पक्षी दाखल होतो. मोगरा तेवढा मागे सरतो. प्रखर उन्हावाचून त्याला बहर नाही, आणि उरलासुरला आंबाही पाऊस लागला की अळ्यांच्या स्वाधीन होतो. त्यांच्याबद्दल हळहळण्यास मात्र घरात कोणालाही फुरसत नसते.

सर्वांत शेवटी अंगणातला मांडव उतरतो. त्याच्या मुहूर्ताबद्दल आमच्याकडे मतभेद नेहमीचाच: लवकर उतरावा तर पापड उघड्या उन्हात करपतात, उशीर करावा तर झापा भिजून कुजतात. त्या झापा चुलीत जातात, पोफळीचे खांब आणि वासे मात्र परसात नेऊन पुन्हा उभे करायचे, कारण माणसांच्या डोक्यावर सावली धरून झाल्यावर त्यांना वेल चढवून घ्यायचे असतात. यंदा विहिरीकडच्या बाजूस दुधी लावावा असे माझे मत होते. परंतु पडवळाचे बी आधीच राखेत घोळून शिंक्यावर ठेवले असल्याचे मला कळविण्यात आले आहे, आणि स्वयंपाकघराच्या निवाड्यावर अपील चालत नाही.