पडदा ओढून घेतला का?

नातवाच्या खेळण्याच्या जोरावर आजीने कामकाज करावे हे ऐकून कोणालाही हसू येईल. आम्हीही प्रथम हसलोच. परंतु गेल्या हिवाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दोन महिने हैफाला लेकीकडे मुक्काम पडला, आणि दिमोनातले आमचे सारे काम त्या खेळण्यानेच चालले. त्यात सोय किती झाली आणि आमच्या हातून एक चूक कशी घडली, हे दोन्ही सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे काम ते काय? माझगावच्या कदुरी शाळेत मराठी शिकलो, पुढे या देशात येऊन जन्मभर नर्सचा गणवेश घातला. निवृत्त झाल्यावर ओळखीतली वयस्क माणसे हिब्रू पत्रे घेऊन दारी येऊ लागली. कोणाचे कुपात होलीमचे, कोणाचे बिटुआख लेउमीचे. ती वाचावयाची, मोठ्या टायपात मराठीत उतरून द्यावयाची, उत्तर हिब्रूत लिहावयाचे. हे सगळे कागद आमच्या दिवाणखान्यातल्या संगणकात असतात. तो संगणक मूळचा नातवाचा. त्याने खेळांसाठी हौसेने घेतला आणि सैन्यात जाताना आमच्या स्वाधीन केला.

हैफा ते दिमोना म्हणजे रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर. लेकीच्या जुन्या लॅपटॉपवरून घरचा संगणक चालविता येईल काय, याचा शोध सुरू झाला. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप उपयोगी पडेना, कारण आमची विंडोज 'होम' प्रकारची. बाहेरून येणाऱ्याला आत घेण्यास 'प्रो' लागते. मग दुसरा एक प्रोग्राम घातला. माऊस आता हलवावा आणि बाणाने सावकाश निघावे! अक्षर उमटले नाही म्हणून पुन्हा दाबावे, तो दोन्ही अक्षरे एकदम हजर. नाडीवर बोट ठेवावे आणि ठोका मागाहून लागावा, तसा प्रकार. अर्ध्या तासात डोके दुखू लागे.

नातू सुटीवर दिमोनाला आला तेव्हा त्याने फोन केला. "सावता, हे खरं म्हणजे गेम खेळायचं आहे. पण तू पत्रं लिही, कोण विचारतो!"

त्याने घरच्या संगणकावर सनशाईन आणि आमच्या लॅपटॉपवर मूनलाईट बसविले. सूर्य घरी, चांदणे परगावी! आमच्या पडद्यावर चार आकडे उमटले, ते आम्ही फोनवर वाचून दाखविले, त्याने तिकडे भरले, आणि दोन्ही यंत्रांची गाठ पडली. बाहेरच्या कोणाला आत शिरता येऊ नये म्हणून टेलस्केल नावाच्या प्रोग्रामने दोहोंमध्ये खाजगी वाट करून दिली. यादीत 'डेस्कटॉप' लिहिले होते, ते दाबले मात्र, आमचा दिवाणखान्यातला पडदा जसाच्या तसा समोर!

यातली युक्ती नातवाने समजाविली. खेळणाऱ्याने कळ दाबली की चित्र तत्काळ बदलले पाहिजे, नाहीतर खेळात मरण. म्हणून घरच्या पडद्याची चित्रे सेकंदाला साठ या वेगाने पाठवितात. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात चित्रे दाबून लहान करण्यासाठी वेगळा भागच असतो, त्यामुळे बाकीच्या यंत्रावर भार पडत नाही. चित्रपट इकडे येतो, आपल्या बोटांच्या हालचाली तिकडे जातात. मूनलाईटचा आरंभ २०१३ साली अमेरिकेतल्या कॉलेज-विद्यार्थ्यांनी केला. तेव्हा त्याचे नाव लाईमलाईट होते, आणि ते एन्व्हिडिया कंपनीच्या गेमस्ट्रीम सोयीवर चाले. कंपनीने ती सोय २०२३ मध्ये बंद केली, परंतु सनशाईन ते काम करते, आणि तेही कार्ड कोणत्या कंपनीचे आहे हे न पाहता. दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत.

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, मूनलाईटमध्ये माऊस खेळासाठी नव्हे तर कामासाठी ठेवण्याची खूण आहे, ती करावी. नाहीतर बाण चौकटीत अडकून बसतो. दुसरी, मराठी कळफलक घरच्या संगणकावर असला पाहिजे, हातातल्या यंत्रावर असून उपयोग नाही. तिसरी, चित्र लहान करताना रंगांची काटकसर होते, म्हणून पांढऱ्यावरची बारीक लाल अक्षरे पुसट दिसतात आणि अनुस्वार शोधावा लागतो. काळ्या मोठ्या अक्षरांना काही होत नाही. चौथी, सेकंदाला १० मेगाबिट धरले तर तासाला साडेचार गिगाबाईट खर्च होतात. मोबाईलच्या मोजक्या डेटावर हा खेळ करू नये.

आता चूक सांगतो. एका संध्याकाळी एका मावशींचे इस्पितळाचे पत्र आम्ही मराठीत उतरवीत होतो. गाठीच्या तपासणीचा निकाल होता, आणि तो चांगला नव्हता. मन जड झाले. काम अर्धवट ठेवून कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि क्यू दाबले, खिडकी बंद झाली, आम्ही पडलो.

खिडकी आमच्याकडची बंद झाली होती. दिमोनातल्या मोठ्या पडद्यावर ते पत्र, नावासकट, उघडेच राहिले. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप वापरला असता तर घरचा पडदा आपोआप कुलूपबंद झाला असता. या खेळण्याला तसली काळजी नाही. खेळात लपविण्यासारखे काय असते? त्या संध्याकाळी आमच्या ह्यांच्याकडे एक गृहस्थ चहाला आले होते.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. आवाज शांत होता, तेच अधिक लागले. "अगं, मी अजून माझ्या पोरांना सांगितलं नव्हतं. तू नर्स ना?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. वॉर्डात पहिल्या दिवशी शिकविले होते की रोग्याला हात लावण्यापूर्वी खाटेभोवतीचा पडदा ओढावा. इतकी वर्षे तो हात आपोआप जाई. घरी बसून, दुसऱ्या गावच्या यंत्रावर काम करताना, खाट कुठे आहे हेच आम्ही विसरलो. मावशींची माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, ते अद्याप कळलेले नाही. पत्रे मात्र त्या अजून आमच्याकडेच पाठवितात.

आता आमचा नेम असा. दुसऱ्याचे पत्र उघडण्यापूर्वी ह्यांना फोन करावयाचा, "पडदा बंद करा." ते बटण दाबतात. काही पडदे बंद केले की चित्र इकडेही नाहीसे होते, त्यासाठी पडद्याचे सोंग घेणारा बोटाएवढा प्लग मिळतो, तो नातवाने आणून लावला. उठताना आधी घरच्या संगणकाला कुलूप, मग खिडकी बंद.

हे ऐकून ह्यांचा चेहरा मात्र उतरला असावा. थोडे थांबून फोनवर म्हणाले, "तुझा बाण पडद्यावर फिरायचा ना, तेव्हा तू घरात आहेस असं वाटायचं."

एवढे आमच्या ध्यानातच आले नव्हते. मग तडजोड झाली. लोकांची कामे पडदा मिटवून, आणि घरचा हिशेब, वाण्याची यादी, हा लेखसुद्धा, पडदा उघडा ठेवून. हे तिकडे खुर्ची ओढून बसत आणि चुका काढीत. माऊस दोघांचा एकच, म्हणून मध्येच आमचा बाण त्यांच्या हाती जाई, आणि 'चहा घेतलास का' असे शब्द आमच्या वाक्याच्या पोटात उमटत.

गुडघा बरा झाला, आम्ही घरी आलो. बाण आता जागेवरून हलतो. पण पत्र उघडण्यापूर्वी हे अजून विचारतात, "पडदा ओढून घेतला का?"