पोंगा, पडदा, मेमरी कार्ड

ही यादी वर्धा जिल्ह्याची. नियम एकच ठेवला: ज्या करमणुकीला मध्ये एखादा माणूस लागायचा, तीच लिहायची. एम. ए.ला आम्हाला लोकसाहित्याचा पेपर आहे. दंडार, खडी गंमत, गोंधळ, डहाका त्यात सुखरूप आहेत; व्याख्या, लक्षणं, पाच मार्कांची टीप, सगळं ठरलेलं. पण पेपरात कधीच न येणारंही बरंच गेलं. त्यातलं काही माझ्या शाळेच्या दिवसांत आलं आणि मी कॉलेजात पोचेपर्यंत संपलं. वर्ध्यात चरख्यासाठी १९३८ पासून मगन संग्रहालय आहे. मेमरी कार्डासाठी कोण काढणार?

झडती. पोळ्याला, म्हणजे पिठोरी अमावास्येला, गावाच्या आखरावर तोरण बांधतात. बैलजोड्या रांगेत उभ्या राहतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. एक जण पुढे येऊन चार ओळी फेकतो, शेवटी महादेवाचा गजर, की लगेच दुसऱ्या बाजूनं उत्तर. सुरुवात देवापासून. मग हळूच सावकार, पटवारी, कापसाचा भाव, सरपंचाची विहीर. यमक जुळलं नाही तरी चालायचं, नेम चुकला तर नाही. ज्याच्यावर झडती पडली त्यानं तोरण तुटेपर्यंत हसत उभं राहायचं, हा अलिखित कायदा.

बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण आमच्या भागात झडती मेली ती बैलाअभावी नाही. तोरणाजवळ मंच आला, मंचावर पाहुणे आले, पाहुण्यांच्या हस्ते उत्कृष्ट जोडीला बक्षीस आलं. बक्षीस ज्याच्या हातून घ्यायचं त्याच्यावर झडती कोण म्हणेल? आता एखादा पोट्टा मोबाईलमध्ये पाहून आठ-दहा झडत्या वाचतो. त्यातला पटवारी कुठल्याच गावचा नसतो.

तान्हा पोळा यादीत नाही. तो वाढला आहे. सिंदी रेल्वेला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंद्यांची जी गर्दी होते, ती पाहायला बाहेरून माणसं येतात. नंदीला कडबा लागत नाही. बोजारा मागणारी पोरं अजून दारोदार फिरतात, आणि बोजाऱ्याची नोट मोठी झाली आहे.

भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी वाचली, यूट्यूबवर शब्दांसकट आहेत. गेलं ते खाऊ ओळखणं. गाणी संपली की त्या घरची मुलगी झाकलेला डबा कानाशी हलवायची आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं: दाणे, लाह्या, फुटाणे. हुशार घरं डब्यात शिरा ठेवायची, म्हणजे आवाजच नाही. या महिन्यात हल्ली मुली संध्याकाळी ट्यूशनला असतात.

पोंगा. हे वडिलांच्या तोंडून. टॉकीजमध्ये नवं पिक्चर लागलं की रिक्षावर दोन्ही बाजूंनी पोस्टर, वर पोंगा, आत एक माणूस. अर्धी हिंदी, अर्धी मराठी, मध्येच गाणं. गुलाबी-पिवळ्या पातळ कागदाची पत्रकं उधळत रिक्षा बजाज चौकातून सोशालिस्ट चौकाकडे जायची आणि पोरं मागून. पत्रकावर कथेचा पहिला अर्धा भाग आणि खाली ‘पुढे पडद्यावर पहा’. असा माणूस पिक्चर न पाहता त्याची स्टोरी सांगू शकायचा, ही वडिलांची आठवण. थोडं मीठ-मसाला त्यांचंही असेल. पोंगा आहे अजून, घंटागाडीवर आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर. आवाज मात्र रेकॉर्ड केलेला.

पेटी. पिक्चरची रिळं पत्र्याच्या पेट्यांतून यायची, भुसावळ-अमरावतीच्या वितरकांकडून. आपला भाग ज्या विभागात मोडतो त्याचं चित्रपट धंद्यातलं नाव सी. पी. बेरार. ब्रिटिशांच्या त्या प्रांताचं नाव १९५० मध्ये बदललं, १९५६ मध्ये विदर्भ तिथून निघून मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला. पिक्चरच्या गल्ल्याचे आकडे सांगणारे आजही सी. पी. बेरारचा गल्ला वेगळा सांगतात. राज्यकर्त्यांना जे टिकवता आलं नाही ते वितरकांनी टिकवलं. पेट्या मात्र संपल्या. पिक्चर आता उपग्रहावरून येतं, आणि ‘पेटी आली का?’ हे विचारायला स्टेशनवर कुणी जात नाही.

झाडीपट्टीची नाटकंही यादीत नाहीत. तिकडे वडशाला कंपन्या आहेत, दिवाळीनंतर धान घरात आलं की हंगाम सुरू होतो आणि तो जोरात चालतो. वर्ध्याला तसं का नाही, यावर माझा एक तर्क आहे. धान एकदा कापलं की शेत रिकामं आणि हातात पैसा. कापूस टप्प्याटप्प्यानं फुटतो; एक वेचा झाला की दुसरा उभा. रात्रभर जागायला गाव मोकळं कधी होणार? तर्कच आहे. मांडला तर सर मार्क कापतील.

व्हिडिओ. यंत्राला नव्हे, कार्यक्रमाला व्हिडिओ म्हणायचे. ‘आज मारुतीच्या पारापाशी व्हिडिओ आहे.’ रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा, वर्गणीतून, गणपतीत नाहीतर दुर्गेत. रात्रीतून तीन पिक्चर. पहिलं म्हाताऱ्यांसाठी, ‘जय संतोषी माँ’ किंवा तसंच देवाचं. दुसरं बायांसाठी, ‘माहेरची साडी’ आल्यावर काही वर्षं त्याच्याशिवाय भागायचं नाही. तिसरं बारानंतर, पोरांसाठी, बहुतेक मिथुनचं. हा क्रम ठरवणारा माणूस व्हिडिओवाला. कुठल्या गावात कोणती कॅसेट लावली तर भांडण होईल हे त्याला ठाऊक. काही ठिकाणी टीव्हीऐवजी पडदा असायचा, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बसलेल्यांनी आयुष्यभर हिरोला डावखुरा पाहिला.

दुय्यम सामना. चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत बुद्ध-भीमगीतांच्या कव्वालीचे सामने व्हायचे. दोन पार्ट्या, समोरासमोर. बहुतेकदा एकीकडे गायक, दुसरीकडे गायिका. सवाल टाकायचा, जवाब यायचा, आणि कोण हरलं हे पहाटेपर्यंत ठरत नसे. पोस्टरवर ‘दुय्यम’ म्हणजे कमी दर्जाचा नाही, दुहेरी.

याला मारलं कशानं, हे नेमकं सांगता येतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद केले. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. नियम वाईट नाही. परीक्षेच्या दिवसांत मीही त्याचा आधार घेतला आहे. पण ज्या कलेला तापायलाच बारा वाजतात, तिनं दहाला संपायचं कसं? पहिल्या दोन तासांत सत्कार, हार, प्रास्ताविक. मग दोन गाणी आणि आभार. डीजेनं मात्र दहाच्या आत सगळं करून दाखवलं, कारण त्याला तापावंच लागत नाही.

खंजिरी पेन्सिलीनं लिहिली आहे. गुरुदेव सेवा मंडळं गावोगाव आहेत, सामुदायिक प्रार्थना होते, पोरंही बसतात. कमी झालं ते गावचं भजनी मंडळ दुसऱ्या गावी बैलगाडीनं जाऊन रात्रभर म्हणायचं, ते. तुकडोजी महाराज आमच्या जिल्ह्याला शेजारच्या मोझरीचे. आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांची हवा होती आणि त्याच महिन्यात इंग्रजांनी महाराजांना अटक केली. खंजिरीला सरकार घाबरलं होतं, ही गोष्ट पेपरात पाच मार्कांच्या टिपेत बसत नाही.

नाव वाचलं जाणं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड पाठवायचं आणि गाण्याआधी आपलं नाव, गावाचं नाव रेडिओवरून ऐकायचं. आजोबांना गाणं आठवत नाही. त्यांच्या नावाच्या आधी कुणाची नावं वाचली ती आठवतात.

वरात. डफडं, मग बँड, मग संदल, मग धुमाल, मग डीजे. आमच्या घरातल्या चार लग्नांचे फोटो ओळीनं लावले तर एवढा इतिहास दिसतो. धुमाल हे नागपूर-वर्ध्याकडचंच लेणं: ढोल-ताशांच्या गजरावर कीबोर्ड, आणि नवं पिक्चर लागायच्या आत त्याचं गाणं वाजवायची धमक. बँडवाल्याच्या पुढ्यात दहाची नोट नाचवायची, तो ती घेऊन फर्माईश वाजवायचा. डीजेवाला लॅपटॉपमागे असतो, नोट कुठे धरायची? जिल्हा दारूबंदीचा आहे. तरी नागीण नाचायला माणसं कधी कमी पडली नाहीत.

केबलवाल्याचा चॅनल. नंबर सगळ्यांना पाठ. दुपारी सासू-सुनेचं, रात्री कालच लागलेलं पिक्चर, डोकी हलताना दिसणाऱ्या प्रिंटमध्ये. खाली सरकती पट्टी: साडीचा सेल, हरवलेली म्हैस, कुणाचा तरी पहिला वाढदिवस आणि ‘शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार’. जिल्ह्यात कुठे काय चाललंय हे त्या पट्टीवर समजायचं. केबल डिजिटल करायची शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. सेट टॉप बॉक्स आले, पॅक आले, चित्र स्वच्छ झालं. म्हैस पट्टीवरून गेली.

मेमरी कार्ड. इथे मी साक्षीदार आहे.

बसस्टँडजवळ रिचार्जची दुकानं असायची, त्यांच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद: ‘गाणे भरून मिळतील’. दोन जीबीचं कार्ड वीस-तीस रुपयांत भरून मिळायचं. कॉम्प्युटरमागचा पोट्टा मान वर न करता विचारायचा, ‘कोनासाठी पायजे?’ उत्तरावर सगळं अवलंबून. बाबांसाठी म्हटलं की किशोरकुमार, गजानन महाराज, थोडं कीर्तन. भावासाठी म्हटलं की डीजे मिक्स. आजीसाठी म्हटलं की तो मोबाईल कोणता आहे ते आधी विचारायचा, मग बटन दाबायला सोपं जावं म्हणून एकाच फोल्डरमध्ये पन्नास भजनं. फोल्डरची नावं त्यानंच ठेवलेली: न्यू हिंदी, ओल्ड, सॅड, भीमगीत, देवाचे, लग्न, आणि एक नुसतंच ‘मस्त’. ‘मस्त’मध्ये काय असेल हे घरी गेल्यावर कळायचं. माझ्या कानावर नुसरत फतेह अली खान पहिल्यांदा पडले ते ‘मस्त’मधून, दोन कोंबडा-गाण्यांच्या मध्ये.

ती चोरी होती, मान्य. पण आर्वी नाक्यावरच्या त्या खुर्चीत बसून त्याला तीस-चाळीस खेड्यांची आवड माहीत झाली होती. सेलूकडून आलेला काय मागतो, हिंगणघाटच्या गिरणी भागातून आलेला काय मागतो, मुलगी एकटी आली तर काय मागते आणि मैत्रिणीबरोबर आली तर काय. त्याच्यावर कुणी प्रबंध लिहिला असता तर विद्यापीठाला शोभला असता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. वर्षभरात काचेवरचा कागद बदलून ‘स्क्रीन गार्ड लावून मिळेल’ झाला. आता फोनच मला गाणी सुचवतो, मी आधी जे ऐकलं त्याच्यासारखीच. ‘मस्त’ नावाचं फोल्डर त्यात नाही.

टिकटॉक. हसू नका. पत्रे ठोकणारा, पऱ्हाटीत फवारणी करणारा, पुलगावच्या रस्त्यावर चहाची गाडी लावणारा, असे किती तरी जण तिथे वऱ्हाडीत बोलायचे, आणि टीव्हीवर आपली बोली फक्त विनोदापुरती येते तशी ती नसायची. रडायचे, भांडायचे, सोयाबीनच्या भावावर शिव्या द्यायचे. झडतीच होती ती, पंधरा सेकंदांची, तोरणाशिवाय. २९ जून २०२० ला बंदी आली. बंदीची कारणं वेगळी होती, त्यावर वाद नाही. पण त्या पोरांचं काम एका रात्रीत गेलं, आणि बहुतेकांनी कॉपी ठेवली नव्हती. रील्सवर सगळे आले नाहीत. जे आले त्यातले काही आता कोट घालून मोटिव्हेशनल बोलतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात दोन साहित्य संमेलनं एकाच वेळी भरली; स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर शहाण्णववं अखिल भारतीय, नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष, आणि दुसरीकडे विद्रोही, चंद्रकांत वानखडे अध्यक्ष. मी दोन्हींकडे गेलो. पुस्तकं घेतली, भाषणं ऐकली. ग्रामीण, दलित, आदिवासी, बोली, सगळ्यांविषयी कुणी ना कुणी बोललं. मेमरी कार्डवाला पोट्टा कुठल्या परिसंवादात बसवायचा, हे मलाही सुचलं नसतं.

शंकरपट आधी लिहिला होता, मग खोडला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम ठेवला. पट पुन्हा धावतात, यूट्यूबवर लाइव्ह दिसतात, वर ड्रोन फिरतो, धुरकऱ्यांची नावं पोरांना तोंडपाठ. जोडीचा निकाल इलेक्ट्रॉनिक टायमरवर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लागतो. पूर्वी शेवटच्या रेषेवर झेंडीवाला असायचा आणि त्याच्या झेंडीवरून दोन गावांत वर्षभर बोलणं बंद राहायचं. शंकरपट खोडला, त्या जागी झेंडीवाला लिहिला.