मुखवटे

सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘पेर्सोना’ या शब्दाचा पहिला अर्थ आम्हांला सांगण्यात आला तो ‘नटाचा मुखवटा’ असा. पुढे कैक वर्षांनी हाच शब्द एका कीटकाच्या नावात भेटला आणि आम्ही थबकलो. रेडुवियस पेर्सोनाटस! मुखवटा ल्यालेला! लिनियसने १७५८ साली हे विशेषण त्याला बहाल केले, आणि ढेकणाच्याच वंशात त्याची नोंद केली.

तसा तो ढेकणाचा नातलग खराच. परंतु ढेकूण हेच त्याचे आवडते भक्ष्य. युरोपातील घरांचा हा जुना रहिवासी. वसतिगृहाच्या लोखंडी खाटेवर ज्यांनी रात्री तळमळत काढल्या आहेत, त्यांना त्याच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही. त्याच्या पिल्लांच्या अंगावर चिकट केस असतात. त्यांवर ती धूळ, वाळूचे कण, सुताचे धागे चढवून घेतात. कोपऱ्यातील धुळीचा गोळा चालू लागला म्हणजेच तो जिवंत आहे हे कळायचे. बिचारी गृहिणी केरसुणी फिरवते आणि केराबरोबर आपल्या मित्रालाही बाहेर लोटते.

त्याच्याच कुळातील दुसरा, अकँथॅस्पिस पेटॅक्स, पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात राहतो. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा जीव मुंग्यांना सोंडेने भोसकतो, त्यांचा रस शोषतो आणि पोकळ कलेवरे पाठीवर चिकटवतो. कधी कधी वीसपर्यंत! प्रथम वाचले तेव्हा आम्हांला किळस आली. ही कसली लपण्याची तऱ्हा? ही तर मिरवणूक! परंतु न्यूझीलंडचे संशोधक रॉबर्ट जॅक्सन व सायमन पोलार्ड यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग निराळेच सांगतात. उड्या मारणाऱ्या तीक्ष्णदृष्टी कोळ्यांनी उघड्या पाठीच्या कीटकांवर, ओझेवाल्यांच्या मानाने, सुमारे दहापट हल्ले केले. ओझे कोळ्याला दिसते. त्याखालचे भक्ष्य मात्र त्याला ओळखू येत नाही. आम्हांला विचाराल तर ही कला वरचढ. धुळीत धूळ होऊन राहणे त्या मानाने सोपे. डोळ्यांदेखत वावरून अनोळखी राहणे कठीण, आणि थोडे भयावहही.

कात टाकली की दोघांचाही पसारा तिच्याबरोबर जातो आणि जमवाजमव पुन्हा पहिल्यापासून. युरोपातील त्या शिकाऱ्याला मात्र पाचव्या कातीनंतर पंख फुटतात. मग तो काहीच पांघरत नाही. काळासा, उघडा, उन्हाळ्याच्या रात्री दिव्याकडे उडत येतो. त्याला हातात धरू नये. दंश चांगलाच झोंबतो.