आधी आवरा, मग बसवा!

रविवारी सकाळी कर्जतहून खोपोली लोकल पकडली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी... मिशन एकच, बाबांचा कॉम्प्युटर! त्यांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रुसलं होतं. दोनदा अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलं, तरी तीच एरर. मग ट्यूब पेटली. कंट्रोल पॅनलमधून प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सेटिंग्ज बऱ्याचदा ‘अ‍ॅपडेटा’, ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपलेल्या फोल्डर्समध्ये आणि रजिस्ट्रीत मुक्काम ठोकून राहतात. भाडेकरू गेला, ट्रंक माळ्यावरच! नवं इन्स्टॉलेशन तीच बिघडलेली सेटिंग उचलतं.

म्हटलं, आता सगळंच साफ करू, फॉण्टसकट. तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘अगं, आईच्या पत्रांचं काय?’’

माझा हात थांबला. आई गेल्यावर त्यांनी तिची पत्रं टाइप करून ठेवली होती, त्याच फॉण्टमध्ये. तो युनिकोड नव्हता. फॉण्ट उडाला, की ‘प्रिय’च्या जागी नुसता चिन्हांचा काला!

मग आधी पेनड्राइव्हवर बॅकअप, रजिस्ट्रीची कॉपी, पत्रं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये. नंतरच उरलेले फोल्डर्स डिलीट, रीस्टार्ट आणि इन्स्टॉल. चाललं!

परतीच्या लोकलमध्ये मोबाइल वाजला. बाबांनी आईचं पहिलं पत्र पाठवलं होतं. स्वच्छ मराठीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र आईच्याच, एकही न पुसलेली.