पाण्याची पातळी आणि आजीचा टॅब

जानेवारीत सांगलीला गेले होते. चार्जर शोधताना कपाटात साड्यांखाली आजीचा टॅब हाताला लागला. क्रोशाच्या कव्हरात नीट गुंडाळून ठेवलेला.

"बंद पडलाय तो," आजी म्हणाली. "दिवाळीपासून. मीच काहीतरी भलतंच दाबलं असणार."

टॅब २०१५ चा, ॲन्ड्रॉइड ५.१. आजी त्यावर दोनच गोष्टी करायची: वर्षभर शब्दकोडं आणि पावसाळ्यात नदी. आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा माजघरात छातीभर पाणी होतं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे आकडे सांगलीतल्या पोरांनाही पाठ असतात. त्या वर्षापासून आजी पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ पातळीचं पान उघडायची आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. कोयनेतून किती पाणी सोडलंय तेही. मोबाईल तिला नको होता. त्यातली अक्षरं मुंगीएवढी.

जुलैत तिने मला पुण्याला फोन केला होता. "अगं, पान उघडत नाहीये. कुलूप दिसतंय नुसतं." मी ऑफिसात होते. म्हटलं, "साइट डाऊन असेल. बंद करून चालू कर." पुन्हा विचारायचं राहून गेलं. तिने शेजारच्या पोराला पुलावर पातळी बघायला पिटाळलं होतं, हे आईकडून कळलं. तेही गंमत म्हणून.

टॅब चार्ज केला. चालू झाला तेव्हा त्यावर तारीख होती १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच. बॅटरी पूर्ण मेली की अशा यंत्राचं घड्याळ शून्यावर जातं, आणि त्याचं शून्य म्हणजे ग्रीनविचची ती मध्यरात्र. साडेपाच तास आपले. आजी वाकून बघत म्हणाली, "तेव्हा मी नुकती या घरात आले होते."

वायफायच्या यादीत शेजारीपाजारी सगळे होते, आमचंच नाव नव्हतं. माझ्या फोनवर मात्र ठणठणीत. टॅब तीनदा बंद-चालू केला, एअरप्लेन मोड लावून काढला. फॅक्टरी रीसेटवर बोट ठेवणार, एवढ्यात आजी म्हणाली, "माझी कोडी जातील का गं?" म्हणून थांबले आणि राउटरचं पान उघडलं.

२.४ गिगाहर्ट्झ बंद होतं. दिवाळीत नवं फायबर कनेक्शन आलं, तेव्हा राउटर मीच लावला होता. जुनाट, हळू, गर्दीचा पट्टा म्हणून तो मीच बंद करून ५ गिगाहर्ट्झ तेवढा ठेवला होता. आजीच्या टॅबला ५ ऐकूच येत नाही. शिवाय जुन्या जाड भिंतींमधून २.४ च जास्त लांब पोचतं, म्हणजे तिच्या खोलीसाठी तोच बरा होता.

तो चालू केला. नाव दिसलं, पासवर्ड घेतला, आणि खाली 'सेव्ह्ड' एवढं लिहून टॅब गप्प. सुरक्षेत मी फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं होतं, सगळ्यात नवं म्हणून. या टॅबला ते कुलूप माहीतच नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असं केलं, आणि जोडला गेला.

तरी एकही पान उघडेना. कारण तारीख. वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर मुदत असते, आणि १९७० मध्ये बसलेल्या टॅबला ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती. घड्याळ आपोआप लावण्याची सोय कधीतरी बंद झाली होती. तारीख हाताने घातली. शब्दकोडं आलं. आजीने लगेच टॅब ओढून घेतला.

"थांब," म्हटलं. "नदी बघू."

कुलूप. जुलैतलं तेच.

हे दिवाळीतलं नव्हतं. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था असंख्य वेबसाइटांना फुकट प्रमाणपत्रं देते. तिच्या मूळ प्रमाणपत्रावर ॲन्ड्रॉइड ७.१.१ पासूनच विश्वास ठेवला जातो. त्याआधीच्या यंत्रांसाठी एक जोडसोय काही वर्षं चालवली होती, ती २०२४ मध्ये संपली. म्हणजे आजीने काहीच दाबलं नव्हतं. तिच्या टॅबजवळची ओळखीच्या लोकांची यादी जुनी झाली होती, एवढंच. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत बाळगतो. प्ले स्टोअरने कुरकुरत का होईना तो दिला, आणि पान उघडलं.

आजी आकड्याकडे बघत राहिली. जानेवारीतली नदी, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे मी काही बिघडवलं नव्हतं?"

"नाही. मी बिघडवलं होतं. आणि जुलैत तू सांगितलंस तेव्हा ऐकलं नाही."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने चहा घेऊन आली. मी तिला बजावलं, की टॅब जुना आहे, त्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, बँकेचं काही यावर करायचं नाही. "माझी बँक पासबुकात आहे," ती म्हणाली.

जूनमध्ये तिचा फोन आला. या वेळी मी मीटिंगमधून बाहेर आले.

"पान उघडतंय," ती म्हणाली. "पण आकडा सकाळचाच दिसतोय. तुझ्याकडे काय आहे बघ."

मी फोन कानावरून काढला आणि पान उघडलं. माझ्याकडेही सकाळचाच होता.