पडणाऱ्याची जमीन

जानेवारीतल्या सकाळी साडेसहाला, बूट चढवायच्या आधी मोज्यातून मुरमाचा गारवा वर येतो. कल्याण-डोंबिवलीत फुटबॉल खेळणारी कॉलेजची पोरं थंडी म्हणून ओळखतात ती एवढीच. जमिनीलगतची हवा गार, तिच्यावरची उबदार; त्यामुळे खाडीकडून आलेलं धुकं आणि एमआयडीसीचा धूर वर न चढता मैदानातच रेंगाळतात. पलीकडचा गोलपोस्ट अर्धवट दिसतो, गोलकीपर दिसतच नाही. ‘आहेस का रे?’ असं ओरडून विचारायचं आणि ‘मार!’ असं उत्तर आलं की चेंडू त्या आवाजाच्या रोखानं हाणायचा. आठ वाजता ऊन इमारतींच्या डोक्यावरून उतरतं आणि थंडी संपते. मुंबईत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही १९६२ च्या जानेवारीतलं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे खेळायचाच ऋतू.

माझा भाचा डोंबिवलीहून मिनियापोलिसला शिकायला गेला. तिथल्या मिनेसोटा विद्यापीठाचं स्टेडियम २००९ मध्ये उभं राहिलं, छपराविना. खेळ अमेरिकी फुटबॉलचा, लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा. २०१४ मध्ये त्या मैदानाखाली तापवणारी यंत्रणा बसवली गेली. १० जानेवारी २०१६ ला तिथे व्यावसायिक संघांचा सामना झाला तेव्हा हवा उणे २१ अंशांवर होती. भाचा फोनवर म्हणाला, ‘मामा, इथे जमिनीला हीटर आहे, आणि आम्ही वर कुडकुडतोय!’

कुडकुडणारच. ती ऊब खेळाडूंसाठी नसतेच. ती जमिनीसाठी असते. मातीतलं पाणी गोठलं की मैदान दगड होतं, बुटाचे स्टड रुतत नाहीत, आणि पडलेल्या माणसाचा खांदा किंवा डोकं त्या दगडावर आपटतं. म्हणून खालून तारा किंवा गरम पाण्याच्या नळ्या फिरवायच्या आणि जमीन मऊ ठेवायची. इंग्लंडात एव्हर्टन क्लबनं १९५८ मध्येच हा प्रयोग केला होता. यंत्रणा बंद पडली तर काय होतं, ते ३१ डिसेंबर १९६७ ला अमेरिकेतल्या ग्रीन बे गावानं पाहिलं. उणे २५ अंशांत विजेच्या तारांनी दगा दिला, ताडपत्री काढताच मैदानावर बर्फ धरला आणि पंचांच्या ओठांना शिट्ट्या चिकटल्या. तो सामना लोक आजही ‘आइस बोल’ म्हणून आठवतात.

हे वाचताना मला आमचा मुरूम आठवत राहतो. बर्फाचा कणही न पडता आमची मैदानं जानेवारीत तशीच दगड होतात. ऑक्टोबरात पाऊस जातो, नोव्हेंबरात गवत पिवळं पडतं आणि उरतो तो रोलरनं दाबलेला, उन्हानं भाजलेला लाल थर. त्यावर टॅकल करणारा पोरगा उठतो तेव्हा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलवटलेला असतो. रात्री आई हळद लावते, सकाळी त्याच जखमेवर मोजा चढतो. आमच्यातले चांगले बचावपटू घसरायचेच नाहीत. उभ्यानं चेंडू काढायचे. त्यांच्यात हिंमत कमी नव्हती, खालची जमीनच त्यांना तसं खेळायला शिकवत होती.

ठाण्याला दादोजी कोंडदेव क्रीडांगणाच्या गवतावर पहिल्यांदा पडलो, तेव्हा सवयीनं डोळे मिटून आग व्हायची वाट पाहिली. झालीच नाही. कोपराला चार ओली पाती चिकटली होती, बस्स. त्या दिवशी आमचा संघ विनाकारण पडत होता! सर बाहेरून ओरडत होते, ‘अरे, खेळा, लोळताय काय!’

आमच्या मैदानावर हीटरचं काम पाण्याचा पाइप करायचा. माळीकाकांनी संध्याकाळी पाणी मारलं असेल तर सकाळी मुरूम दबायचा, धूळ बसायची, चेंडू वेडावाकडा उसळायचा नाही. मैदानात शिरताच पहिला प्रश्न असायचा, ‘काका, पाणी मारलंत का?’ बहुतेक वेळा उत्तर यायचं, ‘टँकर आलाच नाही रे.’

हाच हिवाळा मांडवांचाही. लग्नं, प्रदर्शनं, सभा, महोत्सव या सगळ्यांना पाऊस नसलेलं मोकळं मैदान हवं असतं, आणि गर्दीच्या शहरात ते मिळावंही. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात आगरी महोत्सव भरतो, तेव्हा तिथली भाकरी आणि सुकट खायला मीही जातो. मैदान सगळ्यांचं आहे. पण मांडव गेल्यावर मागे राहतात ते खांबांचे खड्डे आणि मुरमात दडलेले खिळे. एका मैदानात असाच एक खिळा बुटाचा तळ भेदून आमच्या मित्राच्या पायात घुसला, आणि त्याचा तो मोसम धनुर्वाताच्या इंजेक्शनावर संपला.

जमिनीखाली तारा घालणाऱ्यांचा खर्च आपल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. त्यांनी पडणाऱ्याचा विचार केला, तेवढा मात्र आपणही करू शकतो. म्हणून मांडव घालणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती: जाताना खड्डे बुजवा, खिळे वेचा आणि शेवटच्या संध्याकाळी मैदानावर एक टँकर पाणी मारून जा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिथे पोरं येणार आहेत, आणि खेळणारं पोर पडणारच.