राखून ठेवलेली भेंडी

घराच्या मागे आमचं दहा फूट लांब, आठ फूट रुंद असं परडं आहे. माझं माहेर ठाण्याचं, तिथे त्याला परसदार म्हणतात. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर मी परडं म्हणायला लागले. अठरा वर्षं तिथे दोरीवर कपडे वाळले आणि एका कोपऱ्यात बांधकामातून उरलेल्या विटा पडून राहिल्या. गेल्या माघात, वसंत पंचमीच्या दिवशी, त्या विटा उचलल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात कुदळ घेतली.

पंचांगातला वसंत चैत्रात येतो. भाजीचा वसंत त्याच्या आधी, माघातच सुरू होतो, हे मला तेव्हा कळलं. भोगीच्या भाजीत जे जे पडतं, वांगी, पावटा, गाजर, ओला हरभरा, त्या थंडीच्या भाज्यांचा भर संक्रांतीनंतर ओसरू लागतो. रात्रीचा गारठा मोडला की भेंडी, गवार, दोडका, काकडी या ऊब मागणाऱ्या भाज्यांची वेळ येते. उन्हाळी भेंडी लावायची ती जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी सरेपर्यंत. त्याआधी घाई केली तर गार मातीत बी नुसतं पडून राहतं आणि बऱ्याचदा कुजतं.

माती काळी आणि आवळलेली होती. पहिल्या दिवशी कुदळ जेमतेम चार बोटं आत गेली. पाणी मारून एक रात्र ठेवलं, मग खणलं, दोन पोती कुजलेलं शेणखत मिसळलं. वर अंथरायला उसाचं पाचट मिळालं. तो कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम असतो, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवसांत पाचटाला तोटा नाही. याच शहरात श्री. अ. दाभोलकर राहत होते. गणिताचे हे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, ज्यात माणसं आपापल्या जागेत करून पाहिलेलं एकमेकांना सांगायची. झाड आपल्या अंगाचा बहुतेक भाग ऊन, हवा आणि पाणी यांतून घडवतं, मातीतून त्याला फार थोडं लागतं, हे ते पुन्हा पुन्हा मांडत. म्हणून त्यांच्या लेखी पालापाचोळा हा कचरा नव्हता, साठवलेलं ऊन होतं. पाचट पसरताना मला त्यांची फार आठवण झाली. आपल्या गावात इतका मोठा माणूस होऊन गेला आणि आपण अठरा वर्षं ही जमीन विटांखाली ठेवली, याचं वाईट वाटलं.

शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आक्का राहतात. माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं, वय पंचाहत्तरीच्या पुढे. गॅलरीतून त्यांनी माझी खणाखणी दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी खाली आल्या. पदराच्या टोकाला गाठ होती. ती सोडून त्यांनी माझ्या तळव्यावर हिरवट-करड्या, मिरीएवढ्या बिया ठेवल्या. मोजल्या तर वीस भरल्या. “भेंडीच्या हैत. माझ्या आईच्या घरच्या. रातभर भिजत घाल, सकाळी लाव.” मी बोट खोल खुपसून भोक पाडायला लागले तशा म्हणाल्या, “पोरी, बी निजवायचं, पुरायचं न्हवं. त्याच्या अंगाच्या दुप्पट माती वर. बास.”

दुकानातून आणलेली भेंडीची एक पुडीही माझ्याकडे होती, संकरित वाणाची. एका ओळीत ती सहा रोपं, दुसऱ्या ओळीत आक्कांची सहा. कडेला दोन दोडके, दोन काकड्या आणि एका वाफ्यात लाल माठ.

माठाचं बी इतकं बारीक की फुंकर घातली तर उडेल. ते वाळूत कालवून फेकावं लागतं, म्हणजे एका जागी गर्दी होत नाही. माझं पहिलं बी मुंग्यांनी एका दुपारीत वाहून नेलं. दुसऱ्या खेपेला वाफ्याभोवती राखेची रेघ ओढली, तेव्हा टिकलं. काकड्या गेल्या त्या माझ्या मायेनं. रोज तीनदा पाणी घातलं. दोन पानांवर आलेली रोपं बुडाशी मऊ पडून आडवी झाली. बोट पेरभर मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, हे त्यानंतर शिकले. तरी त्या काकड्यांची हळहळ अजून आहे.

भेंडी सातव्या दिवशी उगवली. कोंब आधी वाकून, पाठ वर काढून येतो. मान खालीच असते. मग दिवसभरात मान सरळ होते आणि दोन जाड पानं उघडतात. मी ऑफिसला निघताना वाकलेली पाहिली आणि आल्यावर उभी. भाजी उगवते हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल, पण ते क्रियापद डोळ्यांदेखत घडताना तेव्हा पाहिलं.

रंगपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी पहिलं फूल आलं. फिकट, लोण्यासारखं पिवळं, आत घशाशी गर्द जांभळट तांबडा ठिपका, मधोमध पुंकेसरांचा दांडा. थेट कपाशीच्या आणि जास्वंदीच्या फुलाची बहीण, आणि आहेच तशी. तिघींचं कुळ एकच. सकाळी उमललं, दुपारनंतर मिटलं, दुसऱ्या दिवशी सुकून गळलं. एका दिवसाचं आयुष्य. मी लहानपणापासून भेंडी खाते आहे. काचऱ्या, भरली भेंडी, ताकातली भेंडी. पण तिचं फूल मी कधी पाहिलं नव्हतं. रोज ताटात येणाऱ्या कुणाचा चेहराच आपण कधी पाहिला नाही, असं काहीसं वाटलं आणि मी त्या सकाळी ऑफिसला उशिरा गेले.

फुलानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते. पाडव्याच्या ताटात श्रीखंड-पुरीशेजारी आमच्या परड्यातली सात भेंड्यांची भाजी होती. चौघांत सात भेंड्या. प्रत्येकाच्या वाट्याला दीड चमचा आला असेल. त्या दिवशी सगळ्यात आधी तीच वाटी रिकामी झाली.

दोडक्याने मात्र वाट पाहायला लावली. वेल मांडवावर चढला. त्याचे तणावे सुतळीला धरायचे आणि स्प्रिंगसारखे आवळायचे. जवळून पाहिलं तर निम्मे वळसे एका बाजूला फिरलेले, मध्ये एक मोकळा दुवा आणि उरलेले निम्मे उलट्या बाजूला. वाऱ्यात वेल मागेपुढे झाला तरी तणावा तुटत नाही तो या रचनेमुळे. फुलंही भरपूर आली, पण गळून जात होती. सकाळी उठून पाहावं तर खाली पिवळा सडा. आक्का म्हणाल्या, “ती नराची. मादी मागनं येती. मी येतो सांच्याला, दावतो.” कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, सुरुवातीला मला ते परकं वाटायचं, आता मीसुद्धा म्हणते.

संध्याकाळ का, तर दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्याचं सख्खं भावंड घोसाळं पहाटे उमलतं, दोडका दिवस कलल्यावर. मी रोज सकाळी जाऊन मिटलेली फुलं पाहत होते. सहाच्या सुमारास आम्ही दोघी मांडवाखाली उभ्या राहिलो. उजेड पिवळा झाला होता. कळ्या सैल होत होत्या. एकीची पाकळी सुटली, मग दुसरी. आक्कांनी एक फूल दाखवलं, त्याच्या पाठीशी बोटाएवढा, शिरा उमटलेला इवला दोडका होता. ती मादी. मग त्यांनी घोसातलं एक नरफूल खुडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि मधला पराग मादीफुलाच्या हिरवट टोकावर तीनदा हलकेच फिरवला. कुणाला हळद लावावी तितक्या हलक्या हाताने. मधमाश्या असल्या की हे काम त्या करतात. भिंतींनी वेढलेल्या आमच्या परड्यात त्या दिवसांत त्या फार कमी यायच्या. तो दोडका आठवड्याभरात वीतभर झाला. ज्यांना हात लागला नाही ते पिवळे पडून गळाले.

एप्रिलमध्ये दुकानाच्या ओळीतल्या एका भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसू लागल्या. केवडा रोग, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. भरात आलेलं झाड उपटताना हात अडखळला, पण उपटलं. बाकीची अकरा वाचली. त्या ओळीची भेंडी लांब, सडसडीत, गुळगुळीत. आक्कांची बुटकी, जाड, पोपटी आणि बारीक लवेची. तोडताना बोटांना खाज सुटते. चवीला मात्र आक्कांचीच. चिकटपणा कमी, वास अधिक.

पुढच्या वर्षासाठी बी धरायचं म्हणून मी सगळ्यात देखणी, दुकानच्या ओळीतली भेंडी निवडली. गेल्या वटपौर्णिमेचं उरलेलं सूत तिच्या देठाला बांधत होते. आक्कांनी थांबवलं. “हिचं बी धरलंस तरी पुढची पिढी हिच्यासारखी निपजायची न्हाई.” ते खरं आहे. संकरित बियाणं दोन वेगळ्या वाणांच्या मीलनातून एका पिढीपुरतं तयार होतं. त्याच्या बियांतून येणारी झाडं नाना तऱ्हेची निघतात, म्हणून दर वर्षी पुडी विकत घ्यावी लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ तशी नाही; तो सुधारित सरळ वाण आहे, त्याचं बी घरी धरता येतं. आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेली बियाणी असतात त्यांचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असली गावरान बियाणी घरात गोळा करून बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण असं काम गावोगावच्या बायका चुलीवरच्या शिंक्यात, राखेच्या गाडग्यात किती काळापासून करत आल्या आहेत. त्यांच्या पदराच्या गाठी मोजायला कुणी गेलेलं नाही.

सूत आक्कांच्या ओळीतल्या चार भेंड्यांना बांधलं. राखायची म्हणजे तोडायची नाही. कोवळी, खाण्याजोगी होती तेव्हा नाही. पाहुणे आले आणि भाजी कमी पडली तेव्हाही नाही. त्या निबर झाल्या, मग पिवळट, मग तपकिरी. मेच्या मध्यावर पश्चिमेला ढग चढू लागले. वळीव पडला आणि वाळलेल्या शेंगेत पाणी शिरलं तर बी जागेवरच कुजतं. एका दुपारी वारा सुटला तशी कात्री घेऊन धावले आणि चारी उतरवल्या. पंधरा मिनिटांत गारांचा पाऊस झाला.

शेंगा शिरांवर उकलल्या होत्या. एकशे ब्याऐंशी बिया निघाल्या. आठवडाभर सावलीत वाळवल्या. ओंजळभर घेऊन वर गेले तेव्हा आक्का म्हणाल्या, की त्या दिवशी गाठीतलं दिलेलं त्यांच्याकडचं शेवटचं होतं. फ्लॅटमध्ये आल्यापासून लावायला जागा नव्हती, बी जुनं होत चाललं होतं. आणखी एखाद-दोन वर्षांत उगवलंही नसतं. हे त्यांनी मला माघात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझा हात थरथरला असता.

चाळीस बिया त्यांना परत दिल्या. बाकीच्या राखेत मिसळून बरणीत ठेवल्या आहेत. मला बारा पुरतात. कोल्हापुरात असाल आणि दारापुढे, मागे किंवा गच्चीवर अर्ध्या दिवसाचं ऊन येत असेल, तर वसंत पंचमीच्या आधी न्यायला या. एवढंच करा, पहिल्याच वर्षी एका भेंडीला सूत बांधा आणि तिचं बी आणखी कुणाला तरी द्या.